आतड्यातून हृदयाकडे : एका जुन्या विचाराचा इतिहास

हृदयविकाराने कुणी अकाली गेल्याची वार्ता गावात आली, की अंत्यविधीनंतर ओट्यावर जी हलक्या आवाजातली चर्चा चालते, तिच्यात एक शब्द हमखास येतो : कोलेस्टेरॉल. अंडी, डुकराचे मांस, तळणीचे तेल हे आरोपी आधीच ठरलेले असतात आणि निकालही बहुधा लागलेला असतो. या शब्दाने आपल्या घरांत ठाण मांडले त्याला आता काही दशके झाली. परंतु रक्तवाहिन्या का कठीण होतात आणि का बुजतात, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या उत्तराचा युरोपभर गाजावाजा झाला, ते निराळेच होते. आपल्या मोठ्या आतड्यात वस्ती करून असलेले जंतू हे ते उत्तर. पुढे ते हास्यास्पद ठरले, पाठ्यपुस्तकांतून पुसले गेले, आणि शंभर वर्षांनी प्रयोगशाळेच्या दुसऱ्याच दाराने परत आले. त्या येण्याजाण्याची ही हकीकत आहे.

हे उत्तर देणारे गृहस्थ म्हणजे इल्या मेचनिकोव्ह. आजच्या युक्रेनमधील खारकोव्ह शहराजवळ १८४५ साली त्यांचा जन्म झाला. मृत्यूने या माणसाचा पिच्छा आयुष्यभर पुरवला असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. त्यांची पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी खंगलेली होती, की लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून देवळात न्यावे लागले. चारच वर्षांनी, १८७३ साली, मदेरा बेटावर ती वारली. मेचनिकोव्हांनी त्या दुःखात स्वतःचे जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने तो फसला. १८८१ साली त्यांचा थोरला भाऊ इव्हान इल्यिच त्यांच्या डोळ्यांसमोर गेला. टॉलस्टॉयची ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’ ही कथा ज्यांनी वाचली असेल त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. टॉलस्टॉयने त्या कथेची प्रेरणा याच भावाच्या मरणावरून घेतली. माणसाला म्हातारपण आणि मरण का यावे, हा प्रश्न मेचनिकोव्हांना केवळ पुस्तकी कुतूहलाचा नव्हता.

त्यांचे खरे नाव झाले ते मात्र दुसऱ्या एका शोधाने. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे समुद्रकाठच्या बिऱ्हाडात राहत असताना, तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात त्यांनी एक बारीक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीरात परक्याला घेरून गिळणाऱ्या पेशी असतात, हे त्यातून पुढे सिद्ध झाले. अशा पेशींपैकी थोरल्यांना त्यांनी ‘मॅक्रोफेज’, म्हणजे महाभक्षक, असे नाव दिले. या शोधासाठी १९०८ साली पाऊल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाचकांनी हे महाभक्षक ध्यानात ठेवावेत. त्यांचे काम पुढे पडणार आहे.

१८८८ पासून मेचनिकोव्ह पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करू लागले. वय वाढत गेले तसे त्यांचे लक्ष वार्धक्याकडे वळले. १९०४ साली पॅरिसमध्ये त्यांनी वार्धक्यावर एक जाहीर व्याख्यान दिले आणि त्यातील विचार वर्तमानपत्रांनी जगभर नेला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मोठे आतडे हा माणसाला फारसा उपयोगी नसलेला अवयव आहे. तिथे अन्नाचे अवशेष रेंगाळतात आणि जंतू त्यांतील प्रथिने कुजवतात. या कुजण्यातून फिनॉल, क्रेसॉल, इंडोल अशी विषे तयार होऊन रक्तात शोषली जातात. ती थोडी थोडी पण अव्याहत भिनत राहिल्याने रक्तवाहिन्या कठीण होतात आणि माणूस वेळेआधी म्हातारा होतो. यावर उपाय? कुजणे थांबवायचे. दूध नासते, पण आंबवलेले दूध सहसा कुजत नाही, कारण त्यातील आम्लात कुजवणारे जंतू तग धरत नाहीत. तेव्हा आंबट दूध प्यावे, म्हणजे आतड्यातही तेच घडेल. जिनिव्हात शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली आपल्या देशातील दह्यातून एक जंतू वेगळा केला होता. आपल्या मुलखात हे दही खाणारे शतायुषी पुष्कळ आहेत, अशी त्याची माहिती होती. मेचनिकोव्हांना ती आयतीच मिळाली.

ज्यांच्या घरी रात्री दुधाला विरजण लावल्याशिवाय दिवा मालवला जात नाही, त्यांना या सगळ्याचे हसू येईल. परंतु पॅरिस आणि लंडनमधल्या शहरी लोकांना दही ही नवलाई होती. मेचनिकोव्ह स्वतः अनेक वर्षे नेमाने आंबट दूध पीत, न शिजवलेले काहीही खात नसत, आणि फळेभाज्यांवरून जंतू पोटात जातील म्हणून त्याही उकडून घेत. हे सारे त्यांनी केवळ बोलून सोडून दिले असे मात्र नाही. पाश्चर संस्थेत त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांना दीर्घकाळ क्रेसॉल देऊन त्यांच्या महारोहिणीत काठिण्य येते का, हे पाहण्याचे प्रयोग केले आणि १९१० साली त्यांचा वृत्तांत संस्थेच्या नियतकालिकात छापला. आतड्यातील जंतूंची विषे आणि धमन्यांचा आजार यांचा संबंध प्रयोगाने तपासू पाहणारा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होता. तो अपुरा होता, पण प्रश्न नेमका होता.

दुर्दैव असे, की नेमका प्रश्न बाजूला पडला आणि बाजार पुढे आला. दह्याच्या जंतूंच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. आयुष्य वाढवण्याची हमी देणाऱ्या जाहिराती झळकल्या. लंडनचा नामांकित शल्यविशारद सर आर्बथनॉट लेन याने तर त्याही पुढची मजल मारली. आतड्यातील विषांनी शरीर नासते असे त्याचे मत होते, आणि म्हणून बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच तो कापून काढी. जे मेचनिकोव्ह निरुपयोगी म्हणत होते, ते लेनने खरोखरच काढून टाकायला सुरुवात केली. यांतले काही रोगी शस्त्रक्रियेनेच दगावले. बर्नार्ड शॉच्या १९०६ सालच्या ‘द डॉक्टर्स डिलेमा’ या नाटकात ज्याच्या त्याच्या रक्तात विष पाहणारा आणि पोटातली एक काल्पनिक पिशवी कापून काढणारा शल्यविशारद आहे. त्या काळच्या प्रेक्षकांना हा टोला कुणीकडे आहे हे कळत असावे.

या खुळाला उतार पडला तो दोन बाजूंनी. अमेरिकन वैद्य वॉल्टर अल्वारेझ यांनी १९१९ साली एक साधा मुद्दा मांडला. बद्धकोष्ठ असलेल्या माणसाचे डोके दुखते, पण पोट साफ होताच क्षणात हलके वाटते. रक्तात विष भिनले असते तर ते उतरायला वेळ लागला असता. इतका तत्काळ आराम पडला नसता. तेव्हा त्रासाचे कारण विष नसून आतड्यावर पडणारा ताण आहे. दुसरीकडे १९२१ साली येल विद्यापीठात लिओ रेटगर व हॅरी शेप्लिन यांनी दाखवले, की मेचनिकोव्हांचा लाडका बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात मुळी घरच करत नाही. येतो आणि जातो.

हे दुसरे उत्तर ऐकायला मेचनिकोव्ह उरले नव्हते. पहिले महायुद्ध चालू असताना, १५ जुलै १९१६ रोजी, पॅरिसमध्ये ते वारले. वय ७१. मृत्यूचे कारण हृदय निकामी होणे हे होते. शंभरी ओलांडण्याचा मार्ग सांगणारा माणूस एकाहत्तराव्या वर्षी हृदयाने जावा, यावर टीकाकारांनी तोंडसुख घेतले नसते तरच नवल. मात्र शेवटच्या दिवसांत त्यांनी आपल्या एका सहकाऱ्याला सांगून ठेवले होते, की शवविच्छेदन करताना माझी आतडी नीट तपासून पाहा. मला यात त्यांचा हट्ट दिसत नाही. आपला सिद्धांत स्वतःच्या देहावर तपासायला देणे, याला वेगळा शब्द आहे. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत.

आता या कथेतले एक वळण, जे सहसा कुणी सांगत नाही. मेचनिकोव्हांचे म्हणणे होते की प्राणिज प्रथिनांचा अतिरेक शरीराला म्हातारे करतो. हे खरे का ते पाहण्यासाठी सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत अलेक्झांडर इग्नातोव्स्की यांनी सशांना मांस, दूध आणि अंड्याचे बलक खायला घातले. १९०८ साली त्यांनी जाहीर केले, की या सशांच्या धमन्यांच्या भिंतींवर माणसासारखेच थर जमले. मेचनिकोव्हांचा विजयच म्हणायचा! पण त्याच शहरातील दुसऱ्या एका संशोधकाने मांसाचा रस, अंड्याचा पांढरा भाग आणि बलक असे वेगवेगळे देऊन पाहिले, तेव्हा फक्त बलकानेच थर चढले. म्हणजे दोष प्रथिनांचा नव्हता. १९१३ साली निकोलाय आनिच्कोव्ह आणि सेम्योन खलातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात शुद्ध कोलेस्टेरॉल विरघळवून सशांना पाजले आणि तोच रोग निर्माण केला. कोलेस्टेरॉलचा सिद्धांत असा जन्माला आला : आतड्याच्या सिद्धांताची परीक्षा घेता घेता. मुलाने बापाला घराबाहेर काढावे तसे पुढे झाले.

त्या मुलाचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. १९४८ साली अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावी सुरू झालेल्या दीर्घ पाहणीने ते वाढवले, आणि १९९४ साली स्कँडिनेव्हियात ४४४४ हृदयरोग्यांवर झालेल्या चाचणीत कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधाने मृत्यू ३० टक्क्यांनी घटल्याचे सिद्ध झाले. डॉक्टरांनी दिलेली ती गोळी ज्यांच्या उशाशी आहे, त्यांनी ती हा लेख वाचून बंद करू नये.

आतड्यातील जंतूंचा प्रश्न या काळात जिवंत राहिला तो एका अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेतील इंडियाना राज्यात होली क्रॉस धर्मसंघाने स्थापलेले नोत्र दाम विद्यापीठ आहे. तिथे १९२८ साली जेम्स रेनियर्स या तरुणाने संपूर्ण निर्जंतुक प्राणी वाढवण्याचा उद्योग आरंभला. जंतूंशिवाय प्राणी जगणारच नाही, असा अंदाज खुद्द पाश्चर यांनी १८८५ साली व्यक्त केला होता. रेनियर्स यांनी पोलादी टाक्या बनवल्या, गाळलेली हवा आत सोडली, शस्त्रक्रियेने पिले आतल्या आत जन्माला घातली आणि टाकीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून त्यांना दूध पाजले. ‘लोबंड’ या नावाने ही प्रयोगशाळा प्रसिद्धीस आली. १९५७ साली तिथल्याच फिलिप ट्रेक्सलर यांनी पोलादाऐवजी प्लॅस्टिकचे तंबू वापरले आणि हे महागडे काम पुष्कळांच्या आवाक्यात आले. पिले जगली, पण ती आपल्यासारखी नव्हती. त्यांना के जीवनसत्त्व बाहेरून द्यावे लागे, आणि त्यांच्या पित्ताचा व कोलेस्टेरॉलचा हिशेब जंतू असलेल्या उंदरांपेक्षा निराळा निघाला. आतड्यातले जंतू हे नुसते भाडेकरू नाहीत, घराच्या कारभारात त्यांचा हात आहे, हे या मुक्या प्राण्यांनी दाखवून दिले. धर्मसंघाच्या विद्यापीठात चाललेल्या या चिकाटीच्या कामाची आठवण आपल्या वाचकांना असावी असे वाटते.

त्यानंतर जनुके वाचण्याचे तंत्र आले. ज्या जंतूंना काचेच्या बशीत वाढवता येत नव्हते, त्यांचीही शिरगणती होऊ लागली. २०१६ साली इस्रायलमधील संशोधकांनी केलेल्या हिशेबाप्रमाणे एका माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने. आणि त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात.

२०११ साली जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅन्ली हेझन आणि त्यांचे सहकारी हृदयरोग्यांचे साठवलेले रक्त तपासत होते. ज्यांना पुढे झटका किंवा पक्षाघात आला आणि ज्यांना आला नाही, त्यांच्या रक्तात फरक काय? कोणतीही अटकळ मनात न धरता त्यांनी शोध घेतला, तेव्हा ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड, संक्षेपाने टीएमएओ, हे द्रव्य हाती लागले. अंड्याच्या बलकात आणि मांसात लेसिथिन असते, तांबड्या मांसात कार्निटिन असते. आतड्यातील काही जंतू त्यांपासून ट्रायमिथाइलअमाइन नावाचा वायू बनवतात, आणि यकृत त्याचे टीएमएओत रूपांतर करते. उंदरांना हे घटक जास्त दिले की त्यांच्या धमन्यांत थर वाढत. प्रतिजैविकांनी आतड्यातील जंतू मारले की ती वाढ थांबे. गंमत पाहा : १९१३ च्या आधी सशांना घातलेला तोच बलक इथे पुन्हा आला. तेव्हा त्यातील कोलेस्टेरॉल दोषी ठरले होते, आता त्यातील लेसिथिनचीही चौकशी सुरू झाली.

माणसांवरचा पुरावा २०१३ साली आला. स्वेच्छेने आलेल्या काही निरोगी माणसांना दोन उकडलेली अंडी खायला दिली, तेव्हा त्यांच्या रक्तात टीएमएओ वाढले. मग आठवडाभर प्रतिजैविके देऊन पुन्हा अंडी दिली. टीएमएओ जवळजवळ नाहीसे झाले. औषध थांबवून महिना उलटल्यावर ते परतले. त्याच सुमारास ४००७ हृदयरोग्यांचा तीन वर्षे मागोवा घेण्यात आला. ज्यांच्या रक्तात हे द्रव्य सर्वाधिक होते त्या चौथाई लोकांत झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचे प्रमाण सर्वांत कमी असलेल्या चौथाईच्या सुमारे अडीच पट आढळले. आणखी एक छोटा पण बोलका प्रयोग आहे. वर्षानुवर्षे मांस न खाणारा एक माणूस प्रयोगासाठी गोमांसाचा मोठा तुकडा खायला तयार झाला. त्याच्या रक्तात टीएमएओ फारसे वाढलेच नाही. ते बनवणारे जंतू त्याच्या आतड्यात रुजलेलेच नव्हते. म्हणजे एका जेवणाने काय होते, हे ठरवणारी गोष्ट त्याआधीची हजारो जेवणे असतात.

आणि आता ते महाभक्षक. धमनीच्या भिंतीत जो मऊ, पिवळसर थर साठतो तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की त्यात कोलेस्टेरॉल खाऊन फुगलेल्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशी आढळतात. या पेशी बव्हंशी मॅक्रोफेज असतात. टीएमएओ वाढले की उंदरांत या पेशी अधिक फुगतात, असे क्लीव्हलँडच्या प्रयोगांत दिसले. मेसिनाच्या समुद्रकाठी सापडलेली पेशी आणि पॅरिसमध्ये ज्यांच्यावर आरोप ठेवला ते जंतू, मेचनिकोव्हांच्या आयुष्याची ही दोन्ही टोके एका धमनीच्या भिंतीत येऊन भेटली. त्यांनी नावे घेतलेली विषेही परतली आहेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांत क्रेसॉल आणि इंडोल यांपासून बनणारी द्रव्ये रक्तात साचतात आणि ती रक्तवाहिन्यांना अपायकारक असल्याचे पुरावे साठत आहेत.

तरीही घाईने निकाल देण्याची चूक दुसऱ्यांदा होऊ नये. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एक शंका सहज सुचेल, कारण ट्रायमिथाइलअमाइनची ओळख त्यांच्या नाकाला आहे. शिळ्या मासळीचा जो उग्र वास येतो तो याचाच. समुद्रातील मासळीच्या अंगात टीएमएओ मुळातच असते. ती मेली की जंतू त्याचे या वायूत रूपांतर करतात. मासळीला चिंच किंवा आमसूल लावले की वास बसतो, तो आम्लाने हा वायू बांधला जातो म्हणून. मग मासळी खाल्ल्याने रक्तात टीएमएओ भरपूर वाढत असेल, तर मासळीवर जगणारे लोक हृदयविकाराने अधिक मरायला हवेत. पाहण्या तर उलटेच सांगतात. या कोड्याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. शिवाय मूत्रपिंडे थकली की टीएमएओ लघवीवाटे बाहेर पडत नाही आणि रक्तात साठते. २०१९ साली आनुवंशिक माहितीच्या आधारे केलेल्या एका विश्लेषणाचा कौल तर असा होता, की टीएमएओमुळे हृदयविकार होतो असे दिसत नाही. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार यांमुळेच टीएमएओ वाढत असावे. चोराच्या घरी सापडलेला माणूस चोर असतोच असे नाही. तो पंचनाम्यालाही आलेला असू शकतो.

जंतूच मारून टाकावेत, हा मोह तर सर्वांत धोक्याचा. वेगळ्याच एका जंतूच्या संशयावरून डेन्मार्कमध्ये ४३०० हून अधिक हृदयरोग्यांना दोन आठवडे क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक देऊन पाहिले होते. २००६ साली निष्कर्ष छापला गेला तेव्हा औषध घेतलेल्यांतच मृत्यू अधिक झाल्याचे दिसले. लेनची सुरी गेली तरी तिच्यामागची वृत्ती जात नाही.

स्वयंपाकघरापुरते सांगण्याजोगे आज थोडेच आहे, आणि त्यातही मेचनिकोव्हांचा एक सल्ला नेमका उलटा ठरला आहे. ज्या भाज्या, फळे, कडधान्ये यांच्याकडे ते संशयाने पाहत, त्यांतील तंतू हेच आतड्यातील उपकारक जंतूंचे अन्न आहे. त्यांपासून हे जंतू ब्यूटिरेटसारखी आम्ले बनवतात, आणि ती आतड्याचे अस्तर धडधाकट ठेवतात. वालाची उसळ आणि हातसडीचा तांदूळ यांची बाजू या संशोधनाने नक्कीच भक्कम केली आहे. दही खावे, ते चांगलेच आहे. पण महागड्या बाटल्यांतून ‘हृदयासाठी जंतू’ म्हणून जे विकले जाते, त्याने झटका टळतो असे कोणत्याही मोठ्या चाचणीने सिद्ध झालेले नाही. टीएमएओ बनू न देणारी काही द्रव्ये उंदरांत गुणकारी ठरली आहेत. त्यांतले एक ऑलिव्हच्या तेलात आणि द्राक्षांच्या सिरक्यातही सापडते. माणसांच्या हृदयविकारावरील औषध म्हणून मात्र त्यांतल्या एकालाही अजून मान्यता मिळालेली नाही.